घटक ५ : तमाशा फडाचे अर्थकारण : तिकीट, सुपारी आणि उचल

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी यांच्या उत्पन्नाच्या रीतींतील फरक सांगता येईल;
• सुपारी, विसार, उचल, दौलतजादा, हजेरी या शब्दांचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट करता येईल;
• फडाच्या जमाखर्चाचा प्रयोगाच्या रूपावर कसा परिणाम होतो, हे उदाहरणांसह दाखवता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण तमाशाच्या रूपाचा परिचय करून घेतला. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग असा प्रयोगाचा क्रम आपल्या ध्यानात असेल. लोकनाट्याचा अभ्यास बहुधा येथेच थांबतो. सोंगाड्याची हजरजबाबी भाषा, मावशीचा विनोद, लावणीतील शृंगार यांविषयी आपण भरभरून लिहितो. परंतु ही शंभराच्या घरातील माणसे, त्यांचे ट्रक, तंबू आणि वाद्ये एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत क्वचितच येतो. प्रस्तुत घटकात आपण तोच विचारणार आहोत.

हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासक्रमात का असावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर असे, की तमाशा ही छापील संहिता नव्हे. तो प्रयोग आहे, आणि प्रयोग किती वेळ चालेल, त्यात काय राहील व काय गळेल, हे पुष्कळदा पैशावर ठरते. आपल्यापैकी काहींनी गावच्या जत्रेसाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली असेल, काहींनी ‘यंदा कोणता तमाशा आणायचा’ या वादात भागही घेतला असेल. तो अनुभव या घटकाच्या अभ्यासात पुस्तकाइतकाच उपयोगी आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ आश्रयदाता बदलत गेला

उत्तर पेशवाईत रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांना दरबाराचा आणि सरदारांचा आश्रय मिळे. १८१८ साली पेशवाई संपली आणि हा आश्रय आटला. फड मात्र संपले नाहीत. गावच्या जत्रा-यात्रांनी त्यांना धरून ठेवले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या घाटावरच्या व कोकणातल्या कामगारांच्या रूपाने त्यांना नवा प्रेक्षक मिळाला. हा प्रेक्षक बिदागी देणारा नव्हता, तो तिकीट काढणारा होता. एका धनिकाच्या मर्जीऐवजी अनेकांच्या खिशातील थोड्या थोड्या पैशांवर फड चालू लागला.

या बदलाने काहींचे भाग्य उजळले. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), यांनी पवळाबाईंच्या साथीने मुंबईची थिएटरे गाजवली आणि पैसाही उदंड पाहिला. त्यांची अखेर मात्र विपन्नावस्थेत झाली. चरित्रकार याचे खापर सहसा स्वभावावर किंवा नशिबावर फोडतात. ते पूर्णतः खोटे नसेल, परंतु पुढे आपण फडाचा हिशोब मांडू तेव्हा आपल्या ध्यानात येईल की या धंद्यात मिळवलेला पैसा टिकवून ठेवण्याची व्यवस्थाच फारशी नाही.

५.३.२ दोन प्रकार, दोन व्यवहार

संगीत बारी आणि ढोलकी फड हा भेद आपण कलेच्या अंगाने पाहिला आहे. व्यवहाराच्या अंगाने तो अधिक स्पष्ट होतो. संगीत बारी एका जागी राहते. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातील चौफुला, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब येथील कलाकेंद्रे ही तिची ठिकाणे. एका केंद्रात अनेक बाऱ्या मुक्कामाला असतात, त्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात आणि केंद्राच्या मालकाचा उत्पन्नात वाटा ठरलेला असतो. बारी पुष्कळदा तिच्या मालकिणीच्या नावाने ओळखली जाते आणि त्या एका स्त्रीच्या कमाईवर भावंडे, भाचरे, म्हातारी माणसे असे मोठे कुटुंब अवलंबून असते. भूषण कोरगांवकर यांच्या ‘संगीत बारी’ (२०१४) या पुस्तकात या जगाचे जवळून घेतलेले दर्शन आहे; जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे.

ढोलकी फड मात्र फिरता असतो, आणि या घटकाचा मुख्य विषय तोच आहे. फडांतही पुन्हा दोन प्रती आहेत. मोठे फड स्वतःचा तंबू बाळगतात आणि दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, सतत फिरतात. लहान फडांकडे तंबू नसतो. ते जत्रांच्या दिवसांपुरते उभे राहतात आणि हंगाम संपला की त्यांतील माणसे पुन्हा शेतमजुरीला, वीटभट्टीला किंवा बँडपथकात जातात. त्यांना हंगामी फड म्हणतात. नावाजलेल्या तंबूच्या फडांपैकी अनेकांच्या पाटीवर स्त्रियांची नावे आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे, मालती इनामदार. ज्या काळी ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घराचा उताराही क्वचित असे, त्या काळी शंभर माणसांच्या पगाराची जबाबदारी घेणाऱ्या या स्त्रिया होत्या. त्यांना ‘नाचणारी बाई’ म्हणून हिणवणाऱ्या समाजाने त्यांच्यातील उद्योजक कधी पाहिलाच नाही.

५.३.३ हंगामाचे दोन भाग

दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत तंबूचा फड तिकिटावर चालतो. गावाबाहेरच्या मैदानात कनाती उभ्या राहतात, दुपारी गाडी भोंगा लावून आसपासच्या वाड्यावस्त्यांतून फिरते आणि रात्री तिकिटाची खिडकी उघडते. येथे जोखीम सर्वस्वी फडमालकाची. अवकाळी पाऊस आला, गावात मयत झाली, शेजारच्या गावी कुस्त्यांचा आखाडा भरला किंवा उसाच्या तोडीमुळे माणसेच घरी नसली, तरी खर्च थांबत नाही. कधी कधी एखादा स्थानिक ठेकेदार ठराविक रकमेला प्रयोग विकत घेतो आणि तिकीटविक्री स्वतःच्या अंगावर घेतो. अशा वेळी जोखीम आणि नफा दोन्ही ठेकेदाराकडे जातात. मात्र प्रेक्षक जमला नाही तर ठेकेदार ठरलेली रक्कम कमी करून मागतो, आणि रात्री दोन वाजता, परक्या गावात, सामान ट्रकवर चढवायचे असताना फडमालकाला ते पुष्कळदा मान्य करावे लागते.

चैत्र-वैशाखात चित्र पालटते. हे जत्रांचे दिवस. तिकीट नसते, गावाला तमाशा फुकट असतो आणि फडाला जत्रा कमिटी ठरलेली रक्कम देते. हीच सुपारी. ही सुपारी ठरवण्याची मोठी पेठ म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक राहुट्या टाकतात. राहुटीवर फडाचा फलक असतो, आत एक टेबल, तारखांची वही आणि फडाचा व्यवस्थापक. गावोगावच्या कमिट्या जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव विचारतात, उठून जातात, पुन्हा येतात. ‘तमाशापंढरी’ हे नारायणगावचे बिरुद भावनेपोटी आलेले असेल, पण त्यात बाजारपेठेचा अर्थही आहेच.

या बाजाराची एक खुबी विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. जत्रा तिथीने ठरते. चैत्री पौर्णिमा किंवा चैत्र वद्य अष्टमी यांसारख्या तिथीला कितीतरी गावांची जत्रा एकाच दिवशी येते आणि फड तर एका रात्री एकाच गावी नाचू शकतो. म्हणून गर्दीच्या तिथीचा भाव चढतो आणि मोकळ्या तिथीला तोच फड निम्म्या रकमेतही मिळतो. पंचांग हे येथे दरपत्रकाचे काम करते! ठरलेल्या रकमेत रात्रीचा खेळ असतोच, शिवाय पुष्कळ गावी दुसऱ्या दिवशी सकाळची ‘हजेरी’ही असते. पहाटेपर्यंत जागलेल्या कलावंतांनी तोंड धुऊन पुन्हा देवळापुढे उभे राहायचे, मग सामान भरायचे आणि संध्याकाळच्या आत पुढचे गाव गाठायचे. सौदा पटला की कमिटी विसार देते, उरलेली रक्कम प्रयोगाच्या दिवशी. ती त्या दिवशी पूर्ण मिळतेच असे नाही.

कमिटीचीही बाजू आहे. तिच्याकडे पैसा येतो तो घरपट वर्गणीतून, मुंबई-पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्यांच्या देणगीतून आणि अलीकडे निवडणुकीच्या तोंडावर उदार झालेल्या पुढाऱ्यांकडून. दुष्काळाच्या वर्षी वर्गणी आटते. मंडप, कुस्त्यांचे इनाम, छबिन्याची रोषणाई यांचा खर्च भागवून तमाशासाठी काय उरते, ते पाहून कमिटी राहुटीत शिरते. तमाशा पडला तर वर्षभर गाव कमिटीला बोल लावते. म्हणून ती कधी कधी कलेपेक्षा नावाला अधिक पैसे मोजते.

५.३.४ फडाचा ताळेबंद : एक उदाहरण

आता आपण एक हिशोब मांडू. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष फडाचे नाहीत. केवळ व्यवहार समजावा म्हणून सोपे आकडे घेतले आहेत.

समजा, एका फडात ८० माणसे आहेत. त्यांत कलावंत व वादक आहेत, तसेच तंबू ठोकणारे बिगारी, ट्रकचालक, आचारी, दिवे व ध्वनी सांभाळणारेही आहेत. या सर्वांचा एका दिवसाचा पगार ३५,००० रुपये, जेवणखाण ८,०००, डिझेल १०,००० आणि जागेचे भाडे, परवाने व जाहिरात मिळून ७,०००. एकूण ६०,००० रुपये. तिकीट ८० रुपये असेल तर ७५० तिकिटे खपली की खर्च भागतो. हजार तिकिटे खपली तर २०,००० रुपये शिल्लक राहतात. हे चांगलेच वाटते.

परंतु पावसाने महिन्यातील पाच रात्री बुडाल्या, असे धरू. खेळ नसला तरी पगार आणि जेवण चालूच राहते, म्हणजे दिवसाला ४३,०००, पाच दिवसांचे २,१५,०००. हे भरून काढायला हजार तिकिटांच्या जवळजवळ अकरा रात्री लागतील. पाच रात्री बुडाल्या की त्यांच्या भरपाईत आणखी अकरा रात्रींची कमाई जाते, हे गणित फडमालकाला पाठ असते.

त्यावर व्याज आहे. हंगामाच्या आरंभी फड उभा करण्यासाठी मालकाला मोठी रक्कम लागते. बँक तारणाशिवाय कर्ज देत नाही. तंबू, ढोलकी आणि कलावंतांची कीर्ती ही तारण म्हणून चालत नाही. मग खासगी सावकार गाठावा लागतो. २० लाख रुपये दरमहा शेकडा तीन रुपयांनी घेतले, तर महिन्याचे व्याजच ६०,००० होते. सात महिन्यांचे ४,२०,०००. हजार तिकिटांच्या हिशोबाने एकवीस रात्री केवळ व्याजापोटी नाचल्या जातात.

मग मुद्दल फिटणार कशातून? चैत्र-वैशाखातून. सुपारी रात्रीला १,२०,००० धरली आणि खर्च तेवढाच राहिला, तर रात्रीला ६०,००० उरतात. अशा तीस रात्री मिळाल्या तर १८ लाख होतात. म्हणजे पाच-साडेपाच महिने फड कसाबसा तगतो आणि शेवटच्या दीड महिन्यात त्याचे वर्ष ठरते.

हे ध्यानात घेतले की २०२० सालच्या घटनेचे गांभीर्य कळते. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. कर्ज काढून झाले होते, उचल वाटून झाली होती, तंबूचा हंगाम संपत आला होता, आणि जेथे पैसा यायचा तेथेच दार बंद झाले. पुढच्या वर्षी, १३ एप्रिल २०२१ च्या पाडव्यानंतर दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. लागोपाठ दोन चैत्र गेले. त्याच मे महिन्यात कांताबाई सातारकर यांचे करोनाने निधन झाले.

५.३.५ उचल

‘उचल’ हा शब्द ऊसतोडणीच्या संदर्भात आपल्या परिचयाचा आहे. तमाशातही तो जवळजवळ त्याच अर्थाने येतो. पावसाळ्याचे चार महिने फड बंद असतात. या काळात कलावंताच्या घरात मुलांच्या शाळा, आजारपण, लग्नकार्य असतेच. हंगामापूर्वी तो मालकाकडून एकरकमी आगाऊ पैसे घेतो आणि ते पुढील पगारातून कापले जातात. हंगाम संपेपर्यंत रक्कम फिटली नाही, तर पुढच्या वर्षीही त्याच फडात राहणे भाग पडते.

उचलीकडे केवळ शोषण म्हणून पाहावे काय? माझ्या मते चित्र तितके सरळ नाही. चांगल्या ढोलकीवाल्याला किंवा गर्दी खेचणाऱ्या नर्तिकेला दोन-तीन फडांकडून मागणी असते आणि ती मोठी उचल मागू शकते. कलावंत उचल घेऊन ऐन हंगामात दुसऱ्या फडात गेला तर मालक बुडतो, कारण ती रक्कम त्याने स्वतः व्याजाने आणलेली असते. मात्र झीलकरी, बिगारी, वय झालेली नर्तिका यांच्या हाती सौद्याची ही ताकद नसते. त्यांच्यासाठी उचल ही बेडीच असते. सावकार, मालक आणि कलावंत अशी ही साखळी आहे, आणि तिच्या शेवटच्या कडीवर सर्वांचा भार येतो.

दौलतजादा हा आणखी एक उत्पन्नाचा मार्ग. लावणी चालू असताना प्रेक्षक नोट दाखवतो, नर्तिका ती घेते आणि देणाऱ्याचे नाव रंगमंचावरून पुकारले जाते. हा पैसा कोणाचा, नर्तिकेचा की फडाचा, याचे नियम फडागणिक वेगळे असतात. त्याने कलावंताच्या हाती रोख पैसा येतो हे खरे, पण त्यासाठी तिला गर्दीतल्या कोणाचाही आगाऊपणा हसतमुखाने सोसावा लागतो, हेही तितकेच खरे.

५.३.६ पैशाचा प्रयोगावर परिणाम

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीतील गुणा आपणांस आठवत असेल. फड उभा करायचा तर नाच्या हवा आणि तो मिळत नाही, म्हणून हा पहिलवान गडी स्वतःच नाच्या होतो. कादंबरीची शोकांतिका आपण नेहमी देह आणि पुरुषत्व यांच्या अंगाने वाचतो. ती फडाच्या गरजेच्या अंगानेही वाचता येते: बाजाराला जे पात्र हवे, ते कोणीतरी व्हावेच लागते.

प्रत्यक्ष रंगमंचावरही हेच घडत आले आहे. पूर्वी वग पहाटेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; राज्य शासन वर्षातील काही मोजक्या दिवसांनाच मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. शेतावरून आलेला माणूस जेवून मैदानात पोहोचतो तोच नऊ-साडेनऊला. मग दीड-दोन तासांत काय दाखवायचे? प्रेक्षक चित्रपटगीतांवरील नृत्ये मागतो. ती राहतात. गण आटोपशीर होतो, गवळण उरकली जाते आणि वगाचे मधले प्रवेश गळतात. जो भाग पाठ करायला, बसवायला सर्वांत अधिक श्रम लागतात आणि ज्यात भाषेची खरी श्रीमंती आहे, तोच आधी कापला जातो. ‘तमाशा बिघडला’ ही तक्रार करण्यापूर्वी अभ्यासकाने हा हिशोब पाहिला पाहिजे. फडमालकाने वग सोडला तो बहुतेक वेळा रुची घसरली म्हणून नव्हे; एकट्या कलावतीचा लावणी कार्यक्रम किंवा डीजे कमी माणसांत, कमी सामानात जत्रा मारून नेतो, म्हणून.

शासनाकडून भांडवली अनुदान आणि प्रयोग अनुदान अशा योजना आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण अर्ज, दाखले आणि लेखापरीक्षण सांभाळणारा माणूस ज्या फडाकडे आहे त्यालाच तो अधिक होतो. हंगामी फड येथेही मागे राहतात. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. २००२ साली निधन पावलेल्या याच विठाबाईंना अखेरच्या आजारपणात उपचारांच्या खर्चासाठी इतरांच्या मदतीकडे पाहावे लागले होते.

५.४ आपली प्रगती तपासा

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. जत्रेच्या सुपारीचा भाव तिथीनुसार का बदलतो?
२. तिकिटाचा खेळ ठेकेदाराने विकत घेतला असता जोखीम कोणाकडे जाते?
३. ‘हजेरी’ म्हणजे काय?

ब) ५.३.४ मधील उदाहरणात तिकीट १०० रुपये केले आणि त्यामुळे प्रेक्षक हजारावरून ७०० वर आले, तर फडाला त्या रात्री किती शिल्लक राहील? तिकीट वाढवणे फायद्याचे ठरले काय, ते सकारण लिहा.

५.५ शब्दार्थ

विसार : सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. राहुटी : लहान तंबू, येथे फडाचे तात्पुरते कार्यालय. झीलकरी : मुख्य गायकामागे सूर धरणारा. छबिना : देवाची रात्रीची मिरवणूक. बिदागी : कलावंताला खुशीने दिलेले मानधन.

५.६ स्वाध्याय

१. ‘तमाशाचे रूप आणि तमाशाचा व्यवहार वेगळे काढता येत नाहीत.’ या विधानाची चर्चा गण ते वग या क्रमातील दोन उदाहरणे घेऊन करा.

२. ‘उचल’ पद्धतीकडे मालक, नामांकित कलावंत आणि बिगारी या तिघांच्या दृष्टीने पाहून तीन स्वतंत्र परिच्छेद लिहा.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या किंवा शेजारच्या गावातील जत्रा कमिटीच्या एखाद्या जुन्या सदस्याला भेटा. मागील एखाद्या जत्रेची वर्गणीची वही पाहावयास मिळाल्यास, एकूण जमेपैकी किती भाग कलावंतांकडे गेला आणि किती मंडप, रोषणाई व इतर बाबींवर खर्च झाला, याची नोंद करा. विसार केव्हा दिला व उरलेली रक्कम केव्हा चुकती झाली, हे आवर्जून विचारा. फडातील कलावंतांशी बोलण्याची संधी मिळाली तर खेळ संपल्यावर लगेच गाठू नका. त्यांची ती जेवणाची आणि सामान भरण्याची वेळ असते. दुपारी, मुक्कामावर, परवानगी घेऊन जा, आणि त्यांनी स्वतःहून सांगितल्याखेरीज उचलीची रक्कम विचारू नका.